पलीकडच्या काठावरची निवड

हिवाळ्यातली सकाळ. वैनगंगेवरचे धुके अजून उठलेले नाही आणि तुम्ही मार्कंड्याच्या घाटावर उभे आहात. वर्ष १८७४. एरवी दक्षिणेला धावणारी नदी इथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून या जागेला तीर्थाचा मान. तुमच्या पाठीशी कोटाच्या आत दगडी देवळांचा समूह आहे. मुख्य देवळाच्या भिंतींवर ओळीने कोरलेल्या मूर्ती, आणि वर पाहिले की वीज पडून ढासळलेल्या शिखराची कहाणी गावकरी सांगतातच. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अलेक्झांडर कनिंगहॅम याच सुमारास मध्य प्रांत पालथा घालत आहेत. मार्कंड्याची देवळे त्यांच्या अहवालांच्या नवव्या खंडात जाणार आहेत. तुमचे लक्ष मात्र पलीकडच्या काठाकडे लागले आहे, कारण तुमचे पत्र यायचे आहे.

आधी घुंगरांचा आवाज येतो. मग धुक्यातून डाकवाला दिसतो. खांद्यावर भाला, भाल्याला थैली आणि घुंगरांचा झुबका. सागाच्या आणि बांबूच्या या रानात वाघ-अस्वलांना आपली चाहूल आधीच लागलेली बरी, म्हणून ही घुंगरे. चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, निघालेली थैली टप्प्याटप्प्याला माणूस बदलत इथवर आली आहे. डोंगेवाला हाक देतो, “या जी, बसा.” एका खोडातून कोरलेला डोंगा पाणी कापत तुमच्या दिशेने येऊ लागतो.

थैली उघडल्यावर तुम्हाला दिसते की आत मोजकीच पत्रे आहेत. काहींवर मोडीतला पत्ता, एका कोपऱ्यात अर्ध्या आण्याचे तिकीट. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानात हे तिकीट चालते, अंतर कितीही असो. मोठ्या टपाल कचेऱ्यांच्या पलीकडच्या गावांत पत्रे पोहोचवायला जिल्हा डाक नावाची वेगळी व्यवस्था आहे; पोलीस आणि चौकीदार यांच्या हातून ती चालते. तुमचे पत्र तुमच्या हातात पडते, दुसऱ्या दोघांची चौकीदार घेतो, आणि डाकवाला उरलेली थैली बांधतो.

थैली इतकी हलकी कशी, याचा जरा विचार करा. चांद्याला आलेल्या सगळ्या टपालातून या बाजूची पत्रे कोणीतरी आधीच वेगळी काढली. कचेरीत बैठक मारून बसलेल्या मुन्शीने पत्ते वाचले, गठ्ठे बांधले, आणि जे इथे यायचे तेवढेच डाकवाल्याच्या खांद्यावर दिले. त्याने ते केले नसते तर हा माणूस चांद्याचे सगळे टपाल रानातून पळवत आणता, नदी ओलांडता, आणि तुम्ही घाटावर बसून त्यातून आपले एक पत्र शोधता. वाट अरुंद असेल, तर निवड वाटेच्या त्या टोकाला व्हायला हवी. नदीच्या पलीकडच्या काठावर. हे तेव्हाच्या डाकखात्याला कोणी शिकवावे लागले नाही, कारण ओझे माणसाच्या खांद्यावर होते. पुढे ओझे तारेवर गेले आणि ही गोष्ट विसरायला सोपी झाली.

आता ९८ वर्षे पुढे या.

रात्रीची वेळ, १९७२ साल, नागपूर. रेल्वे मेल सर्व्हिसच्या सॉर्टिंगच्या खोलीत तुम्ही उभे आहात. भिंतीला लागून लाकडी खणांचे उभे मांडे, प्रत्येक खणावर कागदाची पट्टी. जमिनीवर ताणलेल्या पिशव्या, लाख आणि सुतळीचा वास. सॉर्टरच्या डाव्या हातात पत्रांची थप्पी आहे आणि उजवा हात खणांकडे जातो-येतो आहे. तो थांबतो तेव्हा कारण एकच असते: पत्ता कळत नाही. कोणी तमिळमध्ये लिहिलेला, कोणी बंगालीत. कुठे गावाचे नाव आहे, तालुका नाही. एका नावाची दहा गावे. तुमचेच मार्कंडा घ्या. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावे आहेत, एक मार्कंडा देव आणि दुसरे मार्कंडा कंसोबा. नुसते ‘मार्कंडा’ लिहिलेले पत्र कुठे टाकायचे?

त्याच वर्षी १५ ऑगस्टला याचे उत्तर अमलात आले, आणि ते एका मराठी माणसाने दिले. श्रीराम भिकाजी वेलणकर डाकतार खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे कवीही. उलट वाचले तरी अर्थ लागेल अशी विलोम काव्ये लिहिणारा हा माणूस. अक्षरांच्या क्रमाची ज्याला इतकी जाण, त्याने साऱ्या देशाच्या पत्त्यांवर सहा अंकांचा क्रम बसवला, ही गोष्ट मला फार समाधान देते. पिन कोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्यापर्यंत आलात की सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. नऊ हा पहिला अंक लष्करी टपालासाठी राखलेला.

सॉर्टरच्या हाताकडे पाहा. पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर त्याची नजर जाते, ४४२ दिसते, आणि हात वर्धा-चंद्रपूरच्या खणाकडे वळतो. पत्ता कुठल्या लिपीत आहे याच्याशी त्याला आता कर्तव्य नाही. वर्धा ४४२००१, चंद्रपूर ४४२४०१, पार दक्षिणेचे सिरोंचा ४४२५०४, चामोर्शी ४४२६०३. गडचिरोली जिल्हा अजून जन्मलेला नाही. तो चंद्रपुरातून वेगळा होईल २६ ऑगस्ट १९८२ला. तोवर आणि त्यानंतरही टपालाचा नकाशा आपल्या वाटेने चालत राहील. आणि मुख्य म्हणजे, या सगळ्या निवडीत पाकीट उघडावे लागत नाही. वरचे वाचले की पुरे. ईमेलची चाळणी लावताना हाच नियम पुन्हा भेटणार आहे: शक्यतो माथ्यावरच्या ओळी वाचा, पोटात शिरू नका.

मुंबईला थोडाच वेळ थांबू. जुहू, १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी अर्नेट हे संगणकांचे जाळे उभारत आहेत. भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि ही संस्था, हे सगळे त्यात सामील. जुहूचे यंत्र पवईच्या आयआयटीच्या यंत्राला साध्या टेलिफोनवरून फोन लावते, साचलेली पत्रे एकमेकांना देते आणि फोन ठेवते. पुन्हा फोन लागेपर्यंत पत्रे रांगेत. डाकवाल्याच्या टप्प्यांसारखेच हे चालते, फक्त टप्पा आता टेलिफोन एक्स्चेंजचा आहे. लाइन तुटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिथे बसलेल्या कोणालाही विचारा, एकेका अक्षराचे वजन त्यांना ठाऊक आहे.

त्या वजनाचा हिशेब तुम्ही स्वतः करा, कारण आता १९९६ आहे आणि मोडेम तुमच्या टेबलावर आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले. मोठ्या शहरांत ते आहे. तुम्ही चंद्रपूरला आहात, म्हणजे एसटीडी लावून. मोडेम किरकिरतो, शिट्टी मारतो, मग गप्प होतो. वेग सेकंदाला ९,६०० बिट. प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे लागणारे जादा बिट धरले की सेकंदाला ९६० अक्षरे हातात येतात. कोणीतरी उत्साहाने तुम्हाला १० लाख बाइटचे चित्र पाठवले आहे. ते उतरायला सतरा मिनिटांहून जास्त लागतील, एसटीडीच्या दराने. आणि त्या चित्राच्या मागे रांगेत तुमच्या बहिणीचे चार ओळींचे पत्र थांबले आहे.

इथे अडचण नेमकी कुठे आहे? तुमचा मेल वाचण्याचा प्रोग्राम पॉप पद्धतीने चालतो. आधी सगळे खाली उतरवायचे, मग आपल्या यंत्रावर निवडायचे. म्हणजे चांद्याचे सगळे टपाल रानातून आणून घाटावर ओतायचे. निवड झाली ती अलीकडच्या काठावर, ओझे वाहून झाल्यानंतर. त्याच काळात विदेश संचारच्या मजकुरी खात्यांवर काम करणारे विद्यार्थी मात्र वेगळ्या सुखात होते. फोनवरून ते दूरच्या युनिक्स यंत्रावर लॉगिन करत, तिथल्याच पाइन या प्रोग्राममध्ये पत्र वाचत. पत्र सर्व्हरवरच राही, तारेवरून येई फक्त पडद्यावरचा मजकूर. नको ते चित्र तिथल्या तिथे उडवता येई. रंगीत चित्रे नाहीत म्हणून ती खाती स्वस्त आणि कमी प्रतीची समजली जात. अरुंद वाटेवर तीच खरी शहाणी होती.

या शहाणपणाला नियमाचे रूप मार्क क्रिस्पिन यांनी दिले होते. १९८६ मध्ये स्टॅनफर्डला त्यांनी आयमॅपची पद्धत आखली. पत्रे सर्व्हरवर राहतील आणि तुम्ही दुरून सांगाल: यांच्यात शोध, याचा माथा दाखव, हे त्या खणात टाक. शोध घेण्याचे काम सर्व्हर करतो आणि तुम्हाला उत्तरादाखल फक्त क्रमांकांची यादी देतो. हजारो पत्रांतून सात निवडली, तर तारेवरून सात आकडे येतात. पत्र जागचे हललेले नसते. १९९० मध्ये आलेल्या प्रॉकमेलने दुसरी बाजू सांभाळली. सर्व्हरवर पत्र येऊन पडते त्याच क्षणी तुमचे नियम वाचायचे आणि खण ठरवायचा. पण त्यासाठी सर्व्हरवर तुमचे स्वतःचे खाते हवे, आणि प्रॉकमेलच्या नियमांतून दुसरे प्रोग्रामही चालवता येत, त्यामुळे हजारो लोकांच्या सामाईक सर्व्हरवर ते द्यायला कोणी धजत नसे.

मग २००१च्या जानेवारीत टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेला सीव्ह या नियमभाषेचा मसुदा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला, आरएफसी ३०२८. या भाषेच्या मूळ रूपात फेऱ्यांची सोयच नाही. तेच ते पुन्हा पुन्हा करत बसणारा नियम लिहिताच येत नाही, म्हणून एकाच्या चुकीने सगळ्यांचा सर्व्हर अडकत नाही. दुसरी तरतूद मला त्याहून मोलाची वाटते: कुठलाही नियम लागू पडला नाही, तर पत्र आपोआप मुख्य पेटीत राहते. चाळणी मुकी राहिली, तरी पत्र गहाळ होत नाही. मुन्शीला पत्ता कळला नाही, तर त्याने पत्र फाडून टाकू नये, बाजूला ठेवावे, हे ज्याने भाषेच्या पायातच घातले त्याला टपालाचा धर्म कळला होता.

आता आजच्या मार्कंड्याला या.

महाशिवरात्रीची जत्रा भरली आहे. चामोर्शीकडून येणाऱ्या वाटेवर माणसांचा लोंढा, नदीच्या वाळूत उतरणारी कुटुंबे, देवळासमोर रांग, प्रसादाची आणि खेळण्यांची दुकाने, दूर कुठेतरी झाडीपट्टीतल्या नाटकाच्या जाहिरातीचा भोंगा. पळस फुललेला. आणि इतक्या माणसांच्या हातात फोन, त्यामुळे टॉवरचा जीव मेटाकुटीला आलेला. पडद्यावर सिग्नलच्या काड्या दिसतात, पण पान उघडत नाही. चाक फिरत राहते.

तुम्ही एका ग्रामसभेचे टपाल सांभाळता. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा वनहक्क आणि पेसा कायद्यांच्या आधारे आपला तेंदूपत्ता आपणच लिलावात काढतात. ही नोटिसांची आणि निविदांची वेळ. आज संध्याकाळपर्यंत एका कंत्राटदाराचे दुरुस्तीचे पत्र पाहून उत्तर द्यायचे आहे, आणि पेटीत हजारो न वाचलेले मेल आहेत: बँकांच्या जाहिराती, मोबाइल कंपनीच्या योजना, कधीतरी नाव नोंदवलेल्या दुकानांची पत्रके, त्यातच कुठेतरी वनविभागाचे आणि तहसीलचे. फोनवरचे मेल ॲप सगळ्यांची चित्रे आणायला धावते आणि अर्ध्यात धाप लागून थांबते.

ते ॲप बंद करा. टर्मक्स उघडा. अँड्रॉइड फोनवर चालणारी ही टर्मिनलची काळी खिडकी आहे, तीत फक्त अक्षरे. मॉश हा प्रोग्राम टाइप करून तुमच्या कार्यालयातल्या दूरच्या लिनक्स यंत्राला जोडून घ्या. एसएसएच या नेहमीच्या प्रोग्रामनेही जमते, पण मॉश २०१२ मध्ये एमआयटीतल्या लोकांनी तुटक्या नेटवर्कसाठीच केला. सिग्नल गेला, आला, टॉवर बदलला, तरी बैठक मोडत नाही. जत्रेच्या गर्दीतून तुमच्या फोनमधून आता फक्त बोटांखालची अक्षरे जातात आणि पडद्यावरचे बदललेले मजकुराचे तुकडे येतात. एवढे ओझे या टॉवरलाही झेपते.

त्या दूरच्या यंत्रावर आयमॅपफिल्टर बसवलेला आहे. हा लहानसा प्रोग्राम आयमॅपने मेल सर्व्हरशी बोलतो आणि त्याचे नियम लुआ या भाषेत साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचे असतात. फाइलीच्या सुरुवातीला सर्व्हरचे नाव आणि खाते. खालच्या ओळी म्हणजे तुमच्या इच्छा. ‘पाठवणाऱ्याच्या नावात हे असलेली’, ‘विषयात हा शब्द असलेली’, ‘३० दिवसांहून जुनी’, ‘न वाचलेली’, ‘अमुक आकाराहून मोठी’, अशा निवडी करता येतात आणि त्या गणिताच्या खुणांनी एकमेकांना जोडता येतात. गुणाकाराची खूण म्हणजे दोन्ही अटी पाळणारी, बेरजेची म्हणजे दोहोंपैकी कुठलीही, वजाबाकीची म्हणजे पहिल्यातून दुसरी वगळून. बँकेकडून आलेली, गुणिले ३० दिवसांहून जुनी, वजा विषयात ‘खाते उतारा’ असलेली. शाळेत संच शिकलेला कोणीही हे लिहू शकेल. शेवटी एक ओळ: ही पत्रे ‘जुने’ या खणात हलव.

बटण दाबण्याआधी मात्र एक सवय लावून घ्या. कमांडमागे उणे चिन्ह आणि एन हे अक्षर लावा. मग प्रोग्राम कोरडी रंगीत तालीम करतो. काहीही बदलत नाही. तालमीत भलतीच पत्रे हलायला निघाली, तर नियमात खोट आहे. आणि नियम कितीही पक्का वाटला, तरी सुरुवातीला पत्रे हलवायची, पुसायची नाहीत. आयमॅपमध्ये खोडलेल्या पत्रांवर शेवटचा हात फिरला की ती सर्व्हरवरून जातात आणि तुमच्या विनवणीने परत येत नाहीत. ग्रामसभेचे एक गहाळ पत्र म्हणजे एका हंगामाची मजुरी असू शकते.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण अरुंद वाटेवर तोच महाग पडतो. आयमॅपफिल्टरमध्ये दोन जातीचे शोध आहेत. ‘यात हे अक्षर आहे का’ हा साधा शोध सर्व्हर स्वतः करतो आणि फक्त क्रमांक परत देतो. नमुना जुळवण्याचा दुसरा शोध जास्त ताकदीचा आहे, पण तो सर्व्हरला येत नाही, म्हणून प्रोग्राम पत्रांचे माथे किंवा मजकूर आपल्याकडे ओढून घेतो आणि मग जुळवतो. दूरचे यंत्र चांगल्या लाइनवर असेल, तर बिघडत नाही. हाच प्रोग्राम तुम्ही जत्रेत बसून फोनवर चालवला, तर निवड पुन्हा अलीकडच्या काठावर आली आणि सगळी पत्रे टॉवरवरून वाहायला लागली. म्हणून आधी साध्या शोधाने ढीग लहान करा, मग उरलेल्यावर नमुना चालवा.

तुम्ही लिहिता: विषयात ‘तेंदू’. चालवता. एकही पत्र नाही.

तुमच्या पोटात गोळा येतो. पत्र तर आलेले आहे, सकाळी कंत्राटदाराने फोनवर सांगितले होते. पुन्हा चालवता. पुन्हा शून्य. जत्रेचा गोंगाट कानात शिरतो आणि तुम्ही एका कोपऱ्यात, कोटाच्या दगडाला पाठ टेकून विचार करायला बसता.

ईमेलच्या माथ्यावरच्या ओळी मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होत्या. मराठी विषय तिथे सहसा जसाच्या तसा जात नाही; तो संकेतांच्या पोशाखात जातो आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर पुन्हा देवनागरी होतो. सर्व्हरला मराठीत शोधायला सांगायचे, तर आपण कुठल्या लिपिसंकेतात विचारतो आहोत हेही सांगावे लागते. आयमॅपफिल्टरच्या फाइलीत त्याची एक ओळ आहे, संकेतपद्धती युटीएफ-८. ती नसेल, तर प्रोग्राम सर्व्हरशी साध्या इंग्रजीत बोलतो आहे असे धरले जाते. तुम्ही ती ओळ घालता, पुन्हा चालवता. आता १९ पत्रे. जीव भांड्यात पडतो, पण कंत्राटदाराचे पत्र त्यांतही नाही.

मग खरा मराठी गुंता समोर येतो. त्याने ‘तेंदु’ लिहिले आहे, ऱ्हस्व उकार देऊन. तुम्ही दीर्घ शोधलात. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकच; यंत्राला दोन वेगळे शब्द. मार्कंडा आणि मार्कण्डा हे दोन. मार्कंडादेव जोडून लिहिलेले आणि मार्कंडा देव तोडून लिहिलेले हे दोन. ४४२६०३ देवनागरी अंकांत आणि तेच इंग्रजी अंकांत, हेही दोन. बेरजेच्या खुणेने तुम्ही ही सगळी रूपे जोडता: हे किंवा ते किंवा ते. प्रोग्राम धावतो. पत्र सापडते.

फक्त तेच एक पत्र उघडता. मजकुराच्या दहा-बारा ओळी जत्रेच्या हवेतून निमूटपणे येतात. तुम्ही उत्तर लिहिता, पाठवता. नंतर, निवांतपणी, हीच रूपांची यादी सीव्हच्या नियमांत घालून मेल सर्व्हरवरच ठेवता, म्हणजे पुढचे तेंदूचे पत्र आल्याक्षणी आपल्या खणात जाईल, तुमचा फोन चालू असो वा नसो. दूरच्या सर्व्हरवर असे नियम चढवायला आणि बदलायला २०१० पासून ठरलेली पद्धत आहे, तिचे नाव मॅनेजसीव्ह, आणि तीही काळ्या खिडकीतून एका कमांडने चालते. तुमचा मेल देणारा ती सोय देत नसेल, तर आयमॅपफिल्टर ठरावीक वेळाने आपोआप चालेल अशी व्यवस्था दूरच्या यंत्रावर करून ठेवा. पासवर्ड फाइलीत उघडा लिहू नका. निदान ती फाइल तुमच्याखेरीज कोणाला वाचता येणार नाही एवढी तजवीज करा.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, मोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये चाळणी असतेच की. असते. पण ती कोणत्या कारणाने काय अडवते, हे तुम्हाला वाचता येत नाही, आणि ग्रामसभेचे पत्र जाहिरातींत गेले, तर कोणाला विचारायचे हेही कळत नाही. स्वतः लिहिलेली वीस ओळींची फाइल तुम्ही वाचू शकता, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवू शकता, पुढच्या सचिवाच्या हाती देऊ शकता. कुठली पत्रे कुठे जातात याचा नियम गावाच्या ताब्यात असणे, हे माझ्या दृष्टीने हिशेबाची वही गावाच्या ताब्यात असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्या जिल्ह्यात नेटवर्क रोज येते-जाते, तिथे ते अधिकच.

आणि या कामातला अर्धा वाटा पाठवणाऱ्यांचा आहे. वेलणकरांचा पिन चालला, कारण पाठवणाऱ्याने पाकिटावर सहा अंक लिहिले. आजही कितीतरी मराठी पत्रे ‘लेटर’ किंवा ‘अर्जंट’ एवढ्याच विषयाने येतात, आत स्कॅन केलेला कागद नाहीतर जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर, ज्यातले अक्षर अशी साधी चाळणी वाचू शकत नाही. तेव्हा कार्यालयांत बसलेल्यांना, कंत्राटदारांना, संस्थांना, शिक्षकांना आणि तुम्हालाही माझी विनंती: विषयाच्या ओळीत युनिकोड मराठीत कामाचे नाव लिहा, गावाचे पूर्ण नाव लिहा, मार्कंडा देव की मार्कंडा कंसोबा ते लिहा, आणि शेवटी पिन कोड लिहा.